इस्तंबूलच्या ग्रँड बाजारात जाताय? या चुका टाळा

इस्तंबूलला निघालेल्या ओळखीच्या लोकांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, भाव किती पाडायचा? कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं असतं की सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करा. असा काही फॉर्म्युला नाहीये हो. कोणी दुप्पट सांगतो, कोणी पहिल्यांदाच वाजवी सांगतो, चार दुकानं फिरल्याशिवाय ते कळत नाही आणि नेमकं तेवढं फिरायचाच लोकांना कंटाळा.

पण सगळ्यात वाईट चूक म्हणजे घ्यायचं नसताना आकडा सांगणं. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी रंगीत काचांचा मोझेकचा दिवा धरला, दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर आकडा टाकला, काकांनी तो पुसून आपला टाकला, असं बराच वेळ चाललं, मध्ये चहा पण आला. शेवटी तो काकांच्या आकड्याला हो म्हणाला आणि दिवा बबल रॅपमध्ये गुंडाळायला लागला, तर काका म्हणाले थांबा, पुढे बघून येतो. त्याने एक शब्द न बोलता रॅप सोडवलं, दिवा परत टांगला आणि नंतर आमच्यातल्या एका वहिनींना खरोखर हवे असलेले सिरॅमिकचे बाऊल दाखवायलाही नकार दिला. माझ्या मते त्याचं काहीही चुकलं नाही. तुमच्या तोंडून निघालेल्या आकड्याला तो हो म्हणाला की सौदा झाला, मग वस्तू घ्यायचीच.

म्हणून मी पहिल्या फेरीत विचारते, पण आकडा देत नाही. आवडलं तर दुकानाचं कार्ड घेते आणि गल्लीच्या पाटीचा फोटो काढते, कारण साठेक गल्ल्या आणि हजारो दुकानं आहेत, परत तेच दुकान सापडणं मुश्किल. टॉवेल, कपडे असलं काही हवं असेल तर बाजारातून खाली एमिनोन्यू या किनाऱ्याजवळच्या भागाकडे उतरणाऱ्या महमुतपाशा रस्त्यावर आधी भाव बघा, स्थानिक लोक तिथे खरेदी करतात.

चहा प्यायलात म्हणून घ्यावंच लागतं असं नाही, बिनधास्त प्या.

दुसरी चूक केशराची, आणि याचा मला फार राग येतो. एमिनोन्यूच्या मसाला बाजारात, म्हणजे मिसिर चार्शीत, 'टर्किश सॅफ्रन' म्हणून लाल-केशरी ढीग स्वस्तात दिसतो आणि आपले लोक पाव-पाव किलो बांधून घेतात. ती करडईच्या फुलांची पाकळी असते! आपल्या सोलापूर-मराठवाड्यात शेतात दिसते तीच करडई. श्रीखंडाला थोडा रंग येईल, वास शून्य. खऱ्या केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद होते आणि कोमट पाण्यात रंग हळूहळू सोडते. करडईची पाकळी चुरगळलेली, सगळीकडे सारखीच बारीक. आणि ढिगातून फावड्याने भरून देतात ते केशर नसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पैसे वाचतील.

सोन्यासाठी कल्पाकचिलार या मुख्य रस्त्यावर जाल तर ग्रॅमच्या भावावर घासाघीस करू नका, तो त्या दिवसाचा असतो. बोलायचं ते घडणावळीवर. आणि कॅरेट विचारा! 14 कॅरेट तिथे सर्रास मिळतं, त्यावर 585 चा शिक्का असतो, आपल्याला सवय 22 ची म्हणजे 916 ची, मग 'किती स्वस्त' म्हणून लोक हुरळतात.

कार्ड मशीनने लिरा की रुपये विचारलं तर लिराच निवडा, रुपयांत ते आपला महाग दर लावतात.

जुना गालिचा, जुनी नाणी कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. तिथल्या 1983 च्या कायद्याने पुरातन वस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर अडकता तुम्ही, दुकानदार नाही. नवा गालिचा घेतलात तरी बिल हातात पडल्याशिवाय दुकान सोडू नका.

आणि रविवारी जाऊ नका, ग्रँड बाजार बंद असतो.