सिग्नलवर आनापान (आत-बाहेर होणाऱ्या श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवणं) कसं करायचं
पुण्यात युनिव्हर्सिटी चौकात गाडीवर अडकलात की लगेच मोबाईल काढू नका, हँडल जरा सैल धरा आणि नाकपुड्यांपाशी, वरच्या ओठाच्या वर श्वास आत-बाहेर होताना जाणवतो का बघा, मुद्दाम लांब घ्यायचा नाही, हा प्राणायाम नाहीये. डोळे उघडेच हां! मागचा हॉर्न मारणारच. राग आला की जबड्यात, छातीत कुठे ताण आलाय तेवढं बघायचं, दाबायचा नाही न् शिवीही हासडायची नाही (पुण्यात हे जरा जास्तच अवघड). रोज घरी दहा मिनिटं बसलात तरच रस्त्यावर जमेल. आवडलं तर विपश्यना ध्यानाचं १० दिवसांचं शिबिर करा, इगतपुरीला किंवा आपल्या पुण्याजवळच्या मरकळला, फी नाही पण मोबाईल जमा करतात, आणि पहिले ३ दिवस हेच आनापान असतं.