डुलत चालणाऱ्याला काय म्हणायचं? भाषेभाषेतले शब्द शोधायची आणि निवडायची रीत

कथा लिहिणारे, अनुवाद करणारे, नाटकवाले, या सगळ्यांना ही अडचण येतेच की पात्र डुलत डुलत यायलंय आणि तेच वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना शब्द काही केल्या बसत नाही. डिक्शनरी उघडली की ढीगभर शब्द निघतात आणि प्रत्येक शब्द वेगळ्याच माणसाची चाल सांगतो. माझं सरळ म्हणणं असंय की डिक्शनरी नंतर उघडा, आधी अंगाचं नेमकं काय हलायलंय ते बघा.

सुरुवात आपल्या मराठीपासूनच करा. डोलते ती मान, नंदीबैल डोलतो, पुंगीपुढं नाग डोलतो. झुलतं ते लोंबणारं, पोळ्याला बैलाच्या अंगावरची झूल बघा. डुलतं सगळं अंग, सावकाश, आणि त्यात बहुतेक वेळा समाधान नाहीतर ऐट असते. लचकते कंबर, ठुमकतात पावलं, हेलकावे खाते ती उसानं गच्च भरलेली बैलगाडी. आणि झोकांड्या खातो तो तोल गेलेला माणूस, मग दारूनं असो, तापानं असो की उन्हात उपाशीपोटी चालल्यानं असो. एवढं वेगळं करता आलं की पुढचं काम लई सोपं होतं.

एक उदाहरण नीट बघू. डोक्यावर दोन घागरी घेऊन टँकरवरून घराकडं निघालेली बाई. मान आणि खांदे जागचे हलत नाहीत, नजर समोर, पाणी डचमळतंय पण सांडत नाही, सगळा तोल कमरेखाली सांभाळला जातो आणि प्रत्येक पावलाला कंबर जराशी बाजूला जाते. हिला ‘डोलत’ म्हणलं तर चूक, कारण मान हलतच नाही. ‘लचकत’ म्हणलं तर बघणाऱ्याची नजर वाक्यात घुसते आणि बाईचं ओझं गायब होतं. मी तर इथं सरळ ‘कमरेनं तोल सांभाळत चालली’ असंच लिहीन. सुटसुटीत शब्द नाही सापडला तर वर्णन करावं, त्यात काही कमीपणा नाही.

डोळ्याला सवय लावायची असेल तर अजिंठ्याला जा, लेणी 1 मधल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर जरा वेळ थांबा. मान एकीकडं, कंबर दुसरीकडं, गुडघ्यात हलका बाक, हाच तो त्रिभंग. चित्र जागेवरच उभंय तरी अंग कुठं कुठं वळतं ते दिसतं.

आता बाहेरच्या भाषा. फ्रेंचमधलं ‘से देऑन्शे’ आणि इटालियन ‘आन्केज्जारे’ हे दोन्ही शब्द त्यांच्या कमरेच्या, म्हणजे हिपच्या शब्दावरूनच बनलेत, म्हणून कंबर हलत असेल तरच तिकडं जा. इंग्रजीतलं ‘सॅशे’ फ्रेंच नाचातल्या ‘शासे’ या स्टेपवरून अमेरिकेत आलं, त्यात दिमाख आहे, लोकांनी बघावं ही इच्छा आहे. ‘स्वॅगर’मध्ये खांदे आणि गुर्मी, ‘वॉडल’ बदकाचं, ‘स्टॅगर’ म्हणजे आपल्या झोकांड्या. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये ‘जिंगा’ आहे, कापुएरा या नाचासारख्या लढाईच्या खेळातली झुलती मूळ स्टेप, तिच्यावरून लयदार चालीला ‘जिंगादो’ म्हणतात. जपानीत लहान लेकराचं चालणं ‘योचीयोची’ आणि थकलेल्याचं अडखळत चालणं ‘योरोयोरो’, म्हणजे आपल्या दुडुदुडु, लटपटसारखेच जोडशब्द. बंगालीतलं ‘हेलेदुले’ मला सगळ्यात जवळचं वाटतं, कलणं आणि झुलणं दोन्ही एकाच शब्दात, आपल्या ‘डुलत डुलत’ला एकदम फिट.

प्राणी आला की मात्र सावध व्हा. संस्कृतात हंसगामिनी, गजगामिनी ही स्तुती. तमिळमध्ये ‘अन्ननडै’, तेलुगूत ‘हंसनडक’, कानडीत ‘हंसनडिगे’, सगळीकडं हंसाची चाल म्हणजे देखणी चाल. प्रत्यक्षात जमिनीवर हंस बदकासारखाच फताडी पावलं टाकत चालतो, पण कवितेनं एकाला मान दिला आणि दुसऱ्याला नाही. आज एखाद्या पोरीला ‘हत्तीसारखी चालतेस’ म्हणून बघा, ती बोलणं बंद करेल. म्हणून प्राण्याचा शब्द जसाच्या तसा उचलू नका, त्या भाषेत त्या प्राण्याला काय किंमत आहे ते आधी विचारा. फारसी-उर्दूत तर झाडसुद्धा चालतं, ‘सर्व-ए-खिरामां’ म्हणजे डौलात चालणारं सरूचं झाड, म्हणजेच प्रिय व्यक्ती. ‘खिराम’ हा संथ, डौलदार चालीचा शब्द. वली आणि सिराज या जुन्या शायरांच्या औरंगाबादेत गझलेची एवढी जुनी परंपरा असताना तो आपल्याला परका वाटायचं कारणच नाही.

विचारायला लांब जायची गरज पण नाही. 1948 पर्यंत आपण मराठवाड्यातले लोक तेलुगू, कानडी आणि उर्दूवाल्यांसोबत एकाच हैदराबाद संस्थानात होतो आणि अजूनही देगलूर-धर्माबादकडं घरात तेलुगू बोलणारे, उमरगा-उदगीरकडं कानडी बोलणारे सहज भेटतात. त्यांना ‘डुलतचं भाषांतर सांगा’ म्हणू नका, चालून दाखवा आणि विचारा की मावशी, असं चालणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात? नखऱ्याची चाल दाखवली तर तेलुगूत ‘वय्यारम’ कानावर येईल, बारीक अंगाची लवचीक चाल असेल तर कानडीत ‘बळुकु’, झोकांड्या खाल्ल्या तर तेलुगूत ‘तूलु’ आणि कानडीत ‘तूराडु’. मग लगेच दुसरा प्रश्न विचाराच, हा शब्द तुम्ही स्वतःच्या आईबद्दल वापराल का? अर्थ सांगताना माणूस सभ्य अर्थ सांगतो, आई म्हणलं की शब्दाची खरी पत कळते.

यानंतर डिक्शनरी. मराठीला मोल्सवर्थ, 1857 ची दुसरी आवृत्ती, आणि हिंदी-उर्दूला प्लॅट्स, 1884 ची. दोन्ही शिकागो युनिव्हर्सिटीच्या साईटवर फुकटात सर्च करता येतात. जुन्या छटा त्यात छान मिळतात, पण आज लोक तो शब्द वापरतात का हे त्यातून कळत नाही, ते मावशीलाच विचारावं लागतं.

आणि पायात किंवा खुब्यात दुखणं असल्यामुळं कुणी दोन्हीकडं झुकत चालत असेल तर वरचा एकही शब्द त्याला लावू नका, ठुमकत नाही, बदकासारखं तर अजिबातच नाही, ‘दोन्ही बाजूंना झुकत, दमानं चालत आले’ एवढं लिहा.