एमक्यूटीटी ते पोस्टग्रेस: स्पीड मोजताना हे बघा

मॉस्किटो ब्रोकरवरून (एमक्यूटीटी म्हणजे उपकरणांचे छोटे मेसेज पाठवायची पद्धत, ब्रोकर म्हणजे ते घेऊन पुढे वाटणारा प्रोग्राम) सेन्सरचा डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकताय आणि सेकंदाला किती मेसेज झेपतात ते बघायचंय, तर नुसता ब्रोकरचा आकडा बघून खूश होऊ नका, ब्रोकर बहुतेक वेळा आरामात असतो, अडतं ते डेटाबेसच्या कमिटवर (लिहिलेलं पक्कं करण्यावर). दर मेसेजला वेगळा इन्सर्ट (टेबलात ओळ घालणं) आणि वेगळा कमिट म्हणजे दरवेळी डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबायचं. म्हणून एकच टेस्ट ३ वेळा चालवा: एकेक ओळ, मग ५०० ओळींचा एक बॅच, मग कॉपी कमांड (एका दमात खूप ओळी भरणारी पोस्टग्रेसची कमांड). फरक डोळ्याने दिसतो.

आता खरी गोम. सबस्क्रायबर (ब्रोकरकडून मेसेज घेऊन डेटाबेसमध्ये टाकणारा तुमचा प्रोग्राम) मागे पडला की मॉस्किटो क्यूओएस १ चे (निदान एकदा तरी पोचवायचे) मेसेज रांगेत ठेवतो, पण ती रांग डिफॉल्टला १००० चीच, पुढचे गुपचूप टाकून देतो आणि तुमचा ग्राफ मात्र झकास दिसतो! त्यामुळे प्रत्येक मेसेजमध्ये डिव्हाइस आयडी आणि सिक्वेन्स नंबर घाला, शेवटी टेबलात मोजा. क्यूओएस १ मध्ये डुप्लिकेटही येऊ शकतात, तेव्हा आयडी-नंबरच्या जोडीवर युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) हवीच, नाहीतर हरवलेले आणि डबल आलेले एकमेकांत मिसळून बेरीज बरोबर येते.

मेसेज निघाल्यापासून कमिट होईपर्यंतचा वेळ मोजायला पोस्टग्रेसचं नाऊ फंक्शन नको, ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. कमिट परत आल्यावर सबस्क्रायबरमध्येच घड्याळ बघा, पब्लिशर (मेसेज पाठवणारा प्रोग्राम) त्याच मशीनवर ठेवा म्हणजे दोन घड्याळांची भानगड नको, आणि सरासरीऐवजी ९९ वा पर्सेंटाइल (९९ टक्के मेसेज ज्या वेळेच्या आत होतात ती वेळ) लिहा. सिंक्रोनस कमिट (डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबायची सेटिंग) बंद केलं असेल तर तेही लिहा हं, डेटाबेस क्रॅश झाला तर शेवटचे काही कमिट जाऊ शकतात.