इंग्रजीच्या तासाला कविता: अर्थ सांगण्याआधी मुलांना हाताळू द्यावी

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी कवितेची तासिका बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. शिक्षक कविता वाचतात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितात, मराठीत सारांश सांगतात आणि यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना अशा मुद्द्यांवर रसग्रहण लिहून देतात. कृतिपत्रिकेत त्याचे गुण मिळतात. परंतु कवीने ओळ नेमकी तेथेच का तोडली, हा प्रश्न कोणालाही पडत नाही. नववीच्या वर्गात मी आता सुरुवातच या प्रश्नापासून करतो.

त्यासाठी विल्यम कार्लोस विल्यम्स या अमेरिकी कवीची, १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द रेड व्हीलबॅरो’ ही कविता फार सोयीची आहे. ‘व्हील’ आणि ‘बॅरो’ वेगळे धरले तर तिच्यात अवघे १६ शब्द आहेत, आणि लाल हातगाडी, पावसाचे पाणी व पांढऱ्या कोंबड्या एवढाच ऐवज असल्यामुळे शब्दार्थांत वेळ जात नाही. कवीचे नाव न सांगता हे शब्द फळ्यावर एका सलग ओळीत लिहावेत, दोघादोघांना त्यांची आठ ओळींत मांडणी करू द्यावी आणि दहा मिनिटांनंतरच मूळ मांडणी दाखवावी. मूळ कवितेत चार कडवी असून प्रत्येकात आधी तीन शब्दांची आणि मग एकाच शब्दाची ओळ येते. माझ्या वर्गातील एका मुलीने ‘रेन’ आणि ‘वॉटर’ एकाच ओळीत ठेवले होते. मूळ मांडणी पाहून ती म्हणाली, “सर, इथं आधी वाटतं पाऊस चालू आहे, आणि खालच्या ओळीत कळतं की नुसतं पाणी उरलंय.” असे रसग्रहण कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही.

लगेच याच साच्यात मुलांना स्वतःच्या परिसरातील एका वस्तूवर १६ शब्द लिहायला सांगावे. ‘ब्यूटिफुल’ आणि ‘नाइस’ या दोन शब्दांना मात्र बंदी असावी. ती घातली नाही तर निम्मा वर्ग त्यांच्यावरच भागवतो.

दुसरा उपक्रम घरातून येतो. आजीकडून किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईंकडून जात्यावरची एक ओवी लिहून आणावी आणि तिचे इंग्रजी भाषांतर करावे. येथे ‘माहेर’ हा शब्द हमखास अडतो, आणि तो अडावा हीच अपेक्षा आहे. कोणी ‘मदर्स हाउस’ लिहितो, कोणी ‘मदर्स होम’. मग हाउस आणि होम यांत फरक काय, यावर वर्ग आपणहून बोलू लागतो. ‘गं बाई’चे इंग्रजीत काय करायचे, याचे उत्तर मलाही अजून सापडलेले नाही. ते सरळ गाळले की ओवीतली जवळीक जाते, एवढे मात्र मुलांना ऐकूनच कळते. या उपक्रमाला दोन तासिका ठेवाव्यात, कारण एका तासिकेत तो उरकला जातो, होत नाही.

जुन्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या पानावरील निवडक शब्द ठेवून बाकीचे काळे करण्याचा प्रकार मुलांना आवडतो, पण तो पावसाळी शनिवारच्या तासापुरता ठीक आहे.

मुलांच्या कवितेच्या पहिल्या मसुद्यावर लाल शाई वापरू नये. त्यावर शिक्षकाने पेन्सिलीने एकच प्रश्न लिहावा, उदाहरणार्थ चपलेवरच्या कवितेखाली ‘ही चप्पल कोणाची?’, आणि काळ, वचन, स्पेलिंग यांच्या चुका दुसऱ्या मसुद्यात मुलांनी एकमेकांच्या वह्या बदलून शोधाव्यात.