रस्ते देखभालीचे कंत्राट देताना

रस्त्यांच्या देखभालीचे काम बाहेर सोपवायचे ठरले की अनेक स्थानिक संस्था थेट निविदेच्या मसुद्याकडे वळतात. परंतु प्रत्येक रस्त्याची लांबी-रुंदी, पृष्ठभागाचा प्रकार, गटारे, मोऱ्या आणि सद्यःस्थिती यांची नोंद आधी तयार नसेल, तर बोली लावणारा अंदाजाने दर भरतो आणि त्या अंदाजातील जोखमीची किंमत शेवटी संस्थेलाच मोजावी लागते.

नोंद तयार झाली की मोबदल्याची पद्धत ठरवावी. बाबवार दरांच्या कंत्राटात जितके काम मोजले जाईल तितके पैसे मिळतात, त्यामुळे तोच खड्डा पुन्हा उखडला तरी कंत्राटदाराचे फारसे बिघडत नाही. कामगिरीवर आधारित कंत्राटात रस्ता ठरलेल्या स्थितीत राखण्याबद्दल दरमहा ठरावीक रक्कम दिली जाते. अर्जेंटिनाने १९९० च्या दशकात राष्ट्रीय महामार्गांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली. लहान संस्थांनी नित्य देखभाल ठरावीक रकमेत द्यावी आणि पुरासारख्या आपत्तीनंतरची कामे बाबवार दराने ठेवावीत, असे माझे मत आहे, कारण ज्याचा अंदाजच बांधता येत नाही त्याची जोखीम कंत्राटदारावर लादली की बोली फुगते.

सर्वाधिक काळजी कामाच्या अटी लिहिताना घ्यावी. ‘रस्ता सुस्थितीत ठेवावा’ या वाक्यावर दंड आकारता येत नाही. किती खोलीचा खड्डा किती तासांत बुजवायचा, आणि ती मुदत तक्रार कळवल्यापासून मोजायची की कंत्राटदाराच्या स्वतःच्या पाहणीपासून, हे स्पष्ट लिहावे. पद्धतही नमूद करावी: खड्ड्याच्या कडा सरळ व उभ्या कापणे, सुटी खडी व पाणी काढणे, तळाला आणि कडांना डांबराचा पातळ थर देणे, मिश्रण थरांनी भरून प्रत्येक थर दाबणे. काम झाल्यावर खड्ड्यावर आडवी सरळ पट्टी ठेवली की पृष्ठभाग खचला आहे की उंचावला आहे, हे तिथेच दिसते. गटारांची सफाई याच कंत्राटात असावी; पाणी साचत राहिले तर उत्तम भरलेला खड्डाही टिकत नाही. जलवाहिनी किंवा केबलसाठी इतरांनी खोदलेले चर कोणी बुजवायचे, हेही आधीच ठरवावे.

अवास्तव कमी दराची बोली आली तर दरांचे पृथक्करण मागावे आणि यंत्रे व मनुष्यबळ प्रत्यक्ष तपासावे. डांबराच्या भावातील चढउतारासाठी प्रकाशित निर्देशांकाशी जोडलेले सूत्र ठेवावे.

काम बाहेर गेले तरी देखरेख बाहेर देऊ नये. संस्थेचा स्वतःचा अभियंता पूर्वसूचना न देता पाहणी करील, केवळ कंत्राटदाराच्या छायाचित्रांवर देयक मंजूर होणार नाही आणि त्रुटींची कपात त्याच महिन्याच्या देयकातून होईल, अशी व्यवस्था हवी. मुदत संपण्याच्या काही महिने आधी संयुक्त पाहणी करून रस्ते कोणत्या स्थितीत परत द्यायचे ते लेखी ठरवावे, आणि ती स्थिती प्रत्यक्षात येईपर्यंत सुरक्षा ठेव सोडू नये.