शाळेशेजारचं सांडपाणी आठवी-नववीच्या पोरांनी कसं मुरवायचं: शोषखड्ड्याचा प्रोजेक्ट

कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं आणि आईस्क्रीमच्या काड्यांची घरं करून कंटाळा आला असेल तर हे करून बघा. बहुतेक गावात शाळेच्या गेटजवळच कुठेतरी एखाद्या घराच्या मोरीचं पाणी रस्त्यावर येत असतं, नाहीतर हापशाभोवती कायम चिखल असतो आणि पोरं रोज त्यातून उड्या मारत वर्गात येतात. तेच पाणी त्यांनी मोजायचं, त्यासाठी शोषखड्डा, म्हणजे दगड भरून पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, आखायचा, खणायचा, भरायचा आणि नंतर तो चालतोय का ते बघायचं. गणित, विज्ञान, भूगोल सगळं त्यातच येतं, वेगळं शिकवावं लागत नाही.

आयडिया आपल्याकडे जुनीच आहे. गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताने काम करत शिकायची पद्धत, १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आली. नंतर डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथूनच हायस्कुलांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा कोर्स निघाला, आठवड्यातला एक दिवस हाताने काम, त्यात वेल्डिंग, वायरिंग, शेती, खाद्यपदार्थ सगळं, आणि शिकवायला गावातलेच कारागीर. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे मुलांनी केलेली वस्तू किंवा सेवा गावातल्या कुणाला तरी खरंच हवी असली पाहिजे. खिडकीची जाळी वाकडी झाली तर घरमालक तोंडावर सांगतो, तिथे मास्तरांच्या शेऱ्याची गरज पडत नाही. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशांकडे शिकायला पाठवा असं म्हटलंय, त्यामुळे वेळ कुठून आणायचा हा बहाणा तसाही राहिलेला नाही.

आधी फिरा, मग ठरवा

दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करा. पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं, खड्डा खणला की तोच भरतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी हाच काय तो टाइम.

पोरांचे चार-पाच जणांचे गट करा आणि शाळेभोवतीच्या गल्ल्या वाटून द्या. प्रत्येक गटाने नकाशा काढायचा, त्यात घरं, नळ, हापसे, विहिरी, गटार आणि जिथे जिथे पाणी साचतंय ती डबकी. घरी जाऊन विचारायचं ते नीट विचारायचं, "काकू, तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं?" एवढंच, "तुम्ही घाण का करता" असा सूर लागला की दार बंद. एखादी आजी सरळ म्हणेल, "खड्डा तुम्ही करून जाल रे बाबांनो, तुंबला की शिव्या मलाच." हे वहीत लिहून घ्या, कारण आजीचं बरोबर आहे आणि याचं उत्तर तुम्हाला पुढे द्यायचंच आहे.

मग सगळे नकाशे भिंतीवर लावून एकच जागा निवडा, जास्तीत जास्त दोन. पहिल्याच वर्षी "संपूर्ण गाव सांडपाणीमुक्त" असा बॅनर छापायचा मोह होतो, तो आवरा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली हे खरंय, पण त्यामागे अख्खं गाव आणि ग्रामपंचायत होती, तुमच्याकडे एक वर्ग आहे.

जागेचे नियम थोडे पण कडक आहेत. विहीर, बोअर, हापसा यापासून किमान १० मीटर लांब. घराच्या भिंतीला चिकटून नको, पाया ओला होतो. हापशाभोवतीच्या चिखलासाठी करत असाल तर पाणी नालीने लांब नेऊन मग खड्डा. संडासाचं पाणी अजिबात नाही, फक्त आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं. आणि घरमालक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत, पालक या सगळ्यांची लेखी परवानगी, हे कंटाळवाणं काम पोरांनाच अर्ज लिहायला लावून करून घ्या, मराठीच्या पेपरात पत्रलेखन असतंच.

खणायच्या आधी मोजा

हा भाग गाळला तर उरतं ते फक्त श्रमदान. श्रमदान वाईट नाही, पण ते पोरांना वर्षभर सांगूनच करायला लावतो आपण, त्यातून घाम येतो, शिकायला फार मिळत नाही.

पहिलं मोजमाप म्हणजे पाणी किती येतं. सोप्पी पद्धत, एक दिवस मोरीच्या पाइपाखाली बादली ठेवायची आणि भरलेल्या बादल्या मोजायच्या. ते जमत नसेल तर हिशोब करा. घरोघरी नळ देणाऱ्या सरकारी जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे, पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर, त्यातलं साधारण ७० टक्के मोरीतून बाहेर येतं असं धरलं तर १९० लिटरच्या आसपास. पोरांनी दोन्ही आकडे काढावेत आणि ते का जुळत नाहीत यावर भांडावं.

दुसरं, जमीन पाणी किती पिते. जिथे खड्डा करायचा तिथे फूटभर रुंदीचा छोटा खड्डा खणायचा, आदल्या दिवशी भरपूर पाणी ओतून माती भिजवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत पाणी भरून आत पट्टी उभी करायची आणि मोबाइलवर वेळ लावून बसायचं. अडीच सेंटीमीटर पाणी उतरायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर शोषखड्डा चालेल. तासापेक्षा जास्त लागला तर तिथे करू नका, काळ्या चिकण मातीत हेच होतं, त्या ठिकाणी परसबागेत पाणी वळवून केळी-अळू लावणं बरं पडतं. मुरमाड जमीन असेल तर नशीबवान आहात.

तिसरा प्रयोग माझ्या सगळ्यात आवडीचा आणि तो वर्गात होतो. दहा लिटरची बादली घ्या, मोठ्या खडीने काठोकाठ भरा. आता पोरांना विचारा, बादली भरलीय का? भरलीय म्हणतील. मग मापाने पाणी ओता. चारेक लिटर पाणी आरामात मावतं! म्हणजे दगडांमधली पोकळी ४० टक्के. आता दुसऱ्या बादलीत खडी आणि वाळू मिसळून भरा आणि तेच करा, पाणी बरंच कमी मावतं कारण वाळू फटीत जाऊन बसली. खड्ड्यात माती-वाळू जाऊ द्यायची नाही हे यानंतर कुणाला सांगावं लागत नाही.

आता फळ्यावर गणित. ३ फूट लांब, ३ रुंद, ३ खोल म्हणजे २७ घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून ७६४ लिटर. त्याचे ४० टक्के म्हणजे दगड भरल्यावर साधारण ३०० लिटर पाणी मावेल, घराचं दिवसाचं १९० लिटर त्यात बसतं, जमीन चांगली पिणारी असेल तर झालं काम. पण इथेच थांबू नका, कारण पाणी नुसतं मावून भागत नाही, ते भिंतीतून आणि तळातून मुरायला हवं. या खड्ड्याच्या चार भिंती मिळून ३६ चौरस फूट आणि तळ ९, एकूण ४५. तेवढ्याच २७ घनफुटांचा पण ६ फूट लांब, दीड फूट रुंद, ३ फूट खोल चर काढला तर भिंती ४५ आणि तळ ९, एकूण ५४. माती तेवढीच उपसायची आणि मुरायला जागा जास्त! शिवाय गाळ बसून तळ आधी तुंबतो, भिंती जास्त काळ टिकतात, त्यामुळे जागा असेल तर मी चरच करा म्हणेन. हे पोरांनी स्वतः काढलं पाहिजे हं, तुम्ही उत्तर फोडू नका, वर्गात एखादं पोरगं असतंच जे गणितात नापास होतं आणि इथे पहिलं उत्तर देतं.

आणि चौथं, डास. साचलेल्या पाण्यात एक ओगराळं बुडवून पांढऱ्या ताटलीत ओतायचं आणि वळवळणाऱ्या अळ्या मोजायच्या, डबक्याच्या पाच वेगवेगळ्या जागी. डबक्याला हात लावायचा नाही, ग्लोव्हज हवेत. थोड्या अळ्या बाटलीत घेऊन तोंडाला फडकं घट्ट बांधून ठेवल्या तर काही दिवसांत डास होताना दिसतात, अंड्यापासून डास व्हायला सगळे मिळून साधारण ७ ते १० दिवस लागतात. बघून झालं की पाणी फडकं न काढता उन्हात कोरड्या जमिनीवर ओतून टाका. एक मात्र खरं सांगा, गटाराच्या घाण पाण्यात मुख्यतः क्युलेक्स जातीचा डास वाढतो, डेंग्यूचा एडिस डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. त्यामुळे "शोषखड्ड्याने डेंग्यू हटला" असं भाषणात ठोकू नका, त्यासाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस, पाळावा लागतो, आशाताईंना बोलवा, त्या छान समजावतात.

सामान

पहार, कुदळ, फावडं, घमेली, टेप, सुतळी, आखायला फक्की. भरायला मोठे दगडगोटे, विटांचा रोडा, खडी. एक जुना माठ. पोतं किंवा जाड प्लॅस्टिक. मोरीपासून खड्ड्यापर्यंत पाइप. दगड गावात फुकट मिळतात, रोडा कुठे बांधकाम चालू असेल तिथे मागा. शोषखड्डे रोजगार हमीतही बसतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी जास्त करायचे असतील तर ग्रामपंचायतीशी बोलून ठेवा.

खणणं आणि भरणं

गावातल्या एखाद्या गवंड्याला बोलवा आणि त्या दिवशी तोच गुरुजी. काटकोन कसा धरायचा हे तो ३, ४ आणि ५ फूट बाजूंच्या सुतळीच्या त्रिकोणाने दाखवेल, पायथागोरस वगैरे नाव न घेता, ते तुम्ही नंतर वर्गात घ्या. "पोरांनो, दोरी ताणून धरा, ढिली पडली की खड्डा तिरका" हे त्याने सांगितलेलं जितकं लक्षात राहतं तितकं आपलं नाही राहत.

पहारीचं जड काम मोठ्या माणसांनी करायचं, पोरांनी माती उपसायची, मोजायचं, दगड रचायचे. तीन फुटांपेक्षा खोल जाऊच नका, भुसभुशीत माती असेल तर आत उतरू देऊ नका. पायात बूट, शाळेत प्रथमोपचाराची पेटी, एका वेळी दोन-तीनच जण खड्ड्याशी, बाकीचे लांब. आणि एक बघा, दरवेळी मुली नोंदी लिहायला आणि मुलं फावड्याला असं आपोआप होतं, ते होऊ देऊ नका, कामं दर अर्ध्या तासाने बदलायची म्हणजे बदलायची.

भरताना तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम दगड आणि विटांचा रोडा, वर खडी. अगदी वरच्या थरात मध्यभागी माठ बसवायचा, तळाला चार-पाच भोकं पाडलेला, आत नारळाच्या शेंड्या भरलेला. मोरीचा पाइप या माठात सोडायचा. भात, केस, सगळा कचरा शेंड्यांत अडकतो आणि खाली पाणी जातं. मग खडीवर पोतं किंवा प्लॅस्टिक अंथरून वर माती, माठाच्या तोंडावर फरशीचा तुकडा, म्हणजे उघडता येईल असं झाकण. पोतं विसरलात तर पहिल्या पावसात वरची माती दगडांत उतरते आणि बादलीतला वाळूचा प्रयोग प्रत्यक्षात घडतो. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून भोवती मातीचा छोटा उंचवटा करा.

आजीला दिलेलं उत्तर

माठातल्या शेंड्या महिन्याला एकदा काढून धुवायच्या किंवा बदलायच्या. कोण करणार? घरातल्या एका माणसाचं आणि वर्गातल्या दोन पोरांचं नाव एका कागदावर लिहून, तो कागद घरात कॅलेंडरशेजारी लावायचा. खर्च नाही, पाच मिनिटांचं काम आहे, पण नाव लिहिलेलं नसलं की कुणीच करत नाही हे कुठल्याही सोसायटीत राहणाऱ्याला विचारा.

दोन आठवड्यांनी परत तेच ओगराळं, तीच ताटली, त्याच पाच जागा. डबकं सुकलं असेल तर शून्य लिहायचं. सुकलं नसेल तर पाणी दुसरीकडून येतंय का, पाइपाला उतार नीट आहे का, हे पोरांनाच शोधू द्या, इथे खरी गंमत आहे. पाइपाचा उतार तपासायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते, गवंडी लेव्हल बघायला तीच वापरतात.

मार्क द्यायचे असतील तर खड्डा कसा दिसतो यावर देऊ नका. प्रत्येकाकडून एक पान घ्या, मी काय मोजलं, आकडा काय आला, आधी मला काय वाटलं होतं. न जुळलेला आकडा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला जास्त मार्क.

शहरातल्या शाळांना शोषखड्ड्याला जागा मिळणं अवघड, त्यांनी गेटसमोरची सकाळची वाहनं मोजून वॉर्ड ऑफिसला अर्ज द्यावा किंवा शेजारच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत करावं, पद्धत हीच, आधी मोजा, मग करा, मग परत मोजा.

खड्डा काही वर्षांनी तुंबतोच, साबणाचा थर दगडांवर बसतो. तेव्हा दगड बाहेर काढून धुवायचे, वाळवायचे, भिंती थोड्या खरवडायच्या आणि परत भरायचा. म्हणून नकाशा, मापं, मुरण्याचा वेळ आणि अळ्यांचे आकडे असलेली वही मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता पुढच्या वर्षीच्या आठवीच्या हातात द्या, आणि जून संपताना पाऊस लागला की त्यांना पहिल्यांदा तिथेच घेऊन जा.