एसएफटीपीचं व्हर्जन कसं ठरतं, हे लिहिताना या चुका टाळा

एसएफटीपी म्हणजे एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइली पाठवण्या-आणण्याची पद्धत. आमच्या क्लायंटचं, म्हणजे जोडणी मागणाऱ्या प्रोग्रामचं, मॅन्युअल मी लिहिते. रात्री साडेनऊला खराडीच्या ऑफिसमधून सपोर्टच्या सहकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, मॅन्युअलमध्ये 'व्हर्जन ३ ते ६ चालतात' असं आहे. कस्टमर विचारतोय, तुमचा क्लायंट ६ मागतो, मग लॉगमध्ये ३ का दिसतं? काही बिघडलंय का?" बिघडलं काहीच नव्हतं. समोर सर्व्हर म्हणून ओपनएसएसएच हे सॉफ्टवेअर होतं आणि ते ३ च बोलतं. आधी कोण बोलतो आणि शेवटी आकडा कोण ठरवतो, हे मी लिहिलंच नव्हतं. चूक माझी होती.

नुसती व्हर्जनची यादी देऊन थांबू नका. क्लायंट 'इनिट' पॅकेटमध्ये आपला आकडा पाठवतो. सर्व्हर त्याचा आणि स्वतःचा, यांतला लहान आकडा 'व्हर्जन' पॅकेटमध्ये परत देतो. पुढचं सगळं बोलणं त्याच आकड्याने. शक्य असेल तिथे बाइट दाखवा. ३ मागणारं इनिट असं दिसतं:

०० ०० ०० ०५ ०१ ०० ०० ०० ०३

पहिले चार बाइट लांबी, मग पॅकेटचा प्रकार, मग व्हर्जन. यात रिक्वेस्ट आयडी, म्हणजे मागणी आणि उत्तर जुळवणारा क्रमांक, नाही. 'प्रत्येक पॅकेटमध्ये आयडी असतो' असं वर सरसकट लिहून ठेवलंत, तर ते वाचून पार्सर (बाइटांचा अर्थ लावणारा प्रोग्राम) लिहिणारा व्हर्जनलाच आयडी समजतो. इनिट आणि व्हर्जन या दोन पॅकेटांचा अपवाद तिथल्या तिथे सांगा.

एसएसएचचं २.० आणि एसएफटीपीचं ३ यांची सरमिसळ करू नका. पहिलं जोडणीच्या सुरुवातीच्या ओळख-स्ट्रिंगमध्ये येतं, दुसरं त्यानंतर, चॅनल उघडल्यावर. 'आरएफसीप्रमाणे' हा शब्दही एसएफटीपीला लावू नका; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा प्रसिद्ध झालेला दस्तऐवज. एसएफटीपीचे मसुदेच झाले, मूळ मालिकेतला शेवटचा २००६ चा. व्हर्जन ३ साठी मसुदा क्रमांक ०२ चा उल्लेख करा. ओपनएसएसएचबद्दल लिहिताना मात्र सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) करतानाच्या दोन पाथचा क्रम तिथे मसुद्याच्या उलटा आहे, हे आवर्जून नोंदवा. ते न कळल्यामुळे माणसं दिवस घालवतात.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार वेगळीच असते: 'रिसीव्हड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५'. लोक पॅकेटचा आकार वाढवत बसतात. तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाने, मांडा: ५७ ६५ ६सी ६३. म्हणजे 'वेलकम' या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरं! सर्व्हरवरच्या बॅशआरसी या, शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये कुणीतरी स्वागताची ओळ छापून ठेवलेली असते, आणि क्लायंट तिलाच पॅकेटची लांबी समजतो. व्हर्जनची वाटाघाट सुरू होण्याआधीच मोडते. तपासायला एसएसएचवरून नुसती 'ट्रू' ही, स्वतः काहीच न छापणारी, कमांड चालवा. पडद्यावर एक अक्षर जरी आलं, तरी ती ओळ फक्त इंटरॅक्टिव्ह शेलपुरती, म्हणजे माणूस स्वतः टाइप करतो तेव्हापुरती, ठेवा.

व्हर्जन उतरल्यावर काय बदलतं, हेही लिहा. ३ मध्ये मालक आकड्याने कळतो, ४ पासून नावाने. ३ मध्ये फाइलच्या नावाचं एन्कोडिंग ठरलेलंच नाही, त्यामुळे 'पावती' नावाची फाइल पलीकडे भलत्याच चिन्हांत दिसू शकते. आपल्याकडे देवनागरी नावं रोजची आहेत, म्हणून ही ओळ मी आता पहिल्याच पानावर ठेवते. तिच्या खाली: 'सर्व्हरने ३ पेक्षा लहान आकडा दिला, तर क्लायंट जोडणी बंद करतो आणि तो आकडा लॉगमध्ये लिहितो.'